हेडलाईटचं वायरिंग, रिले, एलईडी, एचआयडी: पोरं सारखी विचारतात ते प्रश्न

मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करतो. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बाराच्या सुमाराला गाडी काढायची आणि गगनबावडा रोडनं कळ्याकडं घरी, हे गेली अकरा वर्षं चाललंय, त्यामुळं हेडलाईट हा माझ्यासाठी शायनिंगचा विषय नाही. रविवारी दारात दोन-तीन गाड्या तरी उभ्या असतात आणि प्रश्न तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

दादा, लाईट लय कमी पडतोय. कुठला बल्ब टाकू?

बल्बाचं नंतर बघू. आधी तुमच्या बल्बापर्यंत व्होल्टेज किती पोचतंय ते बघा.

माझी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल, ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब, म्हणजे अप्पर (लांबचा उजेड) ६० आणि डिपर (खालचा उजेड) ५५. इंजिन चालू, जरा रेस दिलेली, बॅटरीवर मीटर (मल्टिमीटर) लावला तर १३.६ व्होल्ट, आणि हेडलाईटच्या होल्डरमागं, बल्ब पेटलेला असताना, ११.९. मधले पावणेदोन व्होल्ट कुठं गेले? वायरीत, चावीच्या स्विचमध्ये, हँडलच्या अप्पर-डिपरच्या स्विचमध्ये आणि वाटेतल्या चार कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या प्लगसारख्या जोडांत. ६० वॅटचा बल्ब साधारण ५ अँपिअर ओढतो, आणि कंपनी तो सगळा करंट बारीक वायरीतनं चावीपर्यंत नेते, तिथनं हँडलला, तिथनं परत खाली डूममध्ये, म्हणजे हेडलाईटच्या भांड्यात. गाडी नवी असताना चालून जातं. पाच-सहा पावसाळे झाले की स्विचचे पॉइंट काळे पडतात आणि प्रत्येक जोडावर थोडं थोडं गळत राहतं.

आता खरी गंमत इथं आहे की हॅलोजनचा, म्हणजे या तारेच्या बल्बाचा, उजेड व्होल्टेजच्या हिशोबात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी जास्त कमी होतो. व्होल्टेज १० टक्के उतरलं तर उजेड जवळजवळ ३० टक्के उतरतो. माझ्या गाडीत १३.६ चे ११.९ म्हणजे उजेडाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग वायरिंगनंच गिळलेला. रिले टाकल्यावर (रिले म्हणजे काय ते पुढं सांगतो) त्याच होल्डरवर १३.३ मिळाले. बल्ब तोच, डूम तोच. पहिल्या रात्री मला वाटलं चुकून अप्पर चालू राहिलाय, दोनदा बटण खालीवर करून बघितलं.

मीटर नेमका कसा लावायचा?

दोनशे-तीनशेचा साधा डिजिटल मीटर पुरतो. डीसी २० व्होल्टच्या रेंजला ठेवा. बल्ब काढून नुसत्या होल्डरवर मोजू नका, लोड नसताना तिथं पूर्णच व्होल्टेज दाखवतो आणि तुम्ही म्हणणार आमचं वायरिंग झकास आहे. बल्ब लावलेला, पेटलेला, आणि होल्डरच्या मागच्या बाजूनं वायरीशेजारी मीटरची पिन घुसवायची.

दुसरं, अर्थिंगची बाजू, म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडं परत जायची वाट, सगळे विसरतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी होल्डरच्या अर्थवर, बल्ब चालू. तिथं पाव व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. कितीतरी गाड्यांचा लाईट नुसता अर्थचा बोल्ट काढून, पॉलिश पेपर मारून, परत आवळल्यावर सुधारतो. त्याला खर्च शून्य, म्हणून दुकानात कोण सांगत नाही.

रिले म्हणजे काय ओ? सगळे नुसतं रिले टाक, रिले टाक म्हणतात.

विहिरीवरची मोटर बघितलीय न्हवं? तुम्ही हिरवं बटण बोटानं दाबता, पण मोटरचा सगळा करंट काय त्या बटणातनं जात नाही. बटण फक्त स्टार्टरमधल्या कॉइलला सांगतं, कॉइल जाड पॉइंट ओढते आणि करंट जाड केबलीतनं थेट मोटरला जातो. रिले म्हणजे तोच स्टार्टर, काडेपेटीपेक्षा लहान. हँडलच्या स्विचमधनं आता फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, पाव अँपिअरच्याही आत, आणि बल्बाला लागणारे ५ अँपिअर बॅटरीवरनं थेट जाड वायरीनं येतात. म्हणजे उजेड वाढतो तो वाढतोच, वर हँडलचा स्विच जळायचाही थांबतो.

जोडणी सांगा की सविस्तर.

सांगतो, पण आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. दरवेळी सांगतो आणि दरवेळी कोणतरी पान्यानं ठिणगी उडवतंच.

एच४ ला तीन पाय असतात: एक अप्परचा, एक डिपरचा, एक कॉमन अर्थ. म्हणून रिले दोन, अप्परला एक आणि डिपरला एक. रिलेच्या बुडाला नंबर कोरलेले असतात: ३०, ८७, ८५, ८६. पाच पायांचा रिले आणला तर मधे ८७ए असतो, तो आपल्याला लागत नाही, त्यावर टेप मारून सोडून द्या आणि चुकूनही त्याला वायर लावू नका, नाहीतर लाईट बंद केल्यावर पेटेल.

३० वर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरनं फ्यूजमधनं आलेली जाड वायर. ८७ वरनं बल्बाच्या नव्या होल्डरला. ८६ वर गाडीची जुनी वायर, म्हणजे कंपनीच्या होल्डरवर डिपरला जी येत होती ती डिपरच्या रिलेला आणि अप्परची अप्परच्याला. ८५ अर्थला. नव्या होल्डरची अर्थ वायर चेसीच्या कुठल्यातरी रंगवलेल्या बोल्टला न लावता थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. झालं, एवढंच आहे.

कंपनीची वायर कापायची नाही. जुन्या होल्डरमध्ये बसेल असा मेल कपलर मिळतो, शाहूपुरी-लक्ष्मीपुरी भागात स्पेअर पार्टच्या दुकानात मागा, तो लावला की जुनं वायरिंग जसंच्या तसं राहतं. उद्या गाडी विकायची झाली किंवा रस्त्यात रिले गेला तर नवा होल्डर काढायचा, जुना लावायचा, दोन मिनिटांत गाडी कंपनी फिटिंगवर. रात्री एक वाजता साळवण फाट्याला असं करावं लागलंय मला, म्हणून सांगतो.

आणि वायरीच्या रंगावर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा, त्यात मधे कोण मेकॅनिकनं हात घातला असला तर विचारूच नका. मीटरनं बघा, अप्पर दाबल्यावर कुठल्या पायावर व्होल्टेज येतं, डिपरला कुठल्या. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, म्हणजे पॉझिटिव्ह कायम आणि स्विच निगेटिव्ह सोडतो. तिथं वर सांगितलेली जोडणी चालत नाही, आणि ते मीटर लावल्याशिवाय कळत नाही.

वायर किती एमएमची? फ्यूज कितीचा?

बॅटरी ते रिले अडीच एमएम, रिले ते बल्ब दीड एमएम पण चालते. तांब्याचीच घ्या, ऑटो वायर म्हणून मागा, घरच्या वायरिंगमधली उरलेली आणू नका. तिचं इन्सुलेशन पेट्रोल-ऑईल आणि इंजिनच्या गरमीसाठी केलेलं नसतं.

फ्यूज बॅटरीच्या जेवढा जवळ तेवढा चांगला, वीतभराच्या आत. कारण फ्यूजच्या आधीच्या वायरीला कोण वाली नाही, ती हँडल वळवताना कुठं घासून चेसीला टेकली की बॅटरी सगळा दम तिथं काढणार आणि वरती टाकी पेट्रोलची आहे. मी दोन्ही रिलेंना वेगवेगळे १० अँपिअरचे फ्यूज घालतो. काहीजण एकच १५ चा घालतात, तेही चालतं, पण तो उडाला की अप्पर आणि डिपर दोन्ही एकदम जातात, आणि ते कधी जाणार तर वळणावरच. फ्यूज सारखा उडतोय म्हणून ३० चा घालणारे महाभाग पण आहेत. त्यांना काय सांगायचं.

सोल्डर करायचं का थिंबल दाबायचं?

थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा, चांगल्या क्रिम्पिंग टूलनं, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. नुसत्या पक्कडीनं चेपलेलं थिंबल ओढलं की हातात येतं. सोल्डर केलेली वायर सोल्डर जिथं संपतो तिथं कडक होते आणि गाडीच्या थरथरीनं नेमकी तिथंच तुटते. पीळ मारून काळी टेप गुंडाळणं हा प्रकार आमच्या पॅनेलमध्ये केला तर सुपरवायझर घरी पाठवेल, गाडीत मात्र सगळे बिनधास्त करतात.

१००/९० चा बल्ब टाकला तर? मित्राच्या गाडीत लय भारी पडतोय.

किती दिवस पडतोय ते मित्राला विचारा.

मी टाकला होता. रिले वगैरे काही न करता, नुसता जुना काढला आणि १००/९० बसवला, तेव्हा एवढी अक्कल नव्हती. पहिले आठ दिवस राजा. मग एका रात्री कळंब्याच्या पुढं प्लास्टिक जळल्याचा वास यायला लागला, मला वाटलं कुणाच्या शेतात पाचट पेटवलंय. घरी येऊन डूम उघडला तर होल्डर वितळून बल्बाच्या पायांना गुळाच्या पाकासारखा चिकटलेला, वायरीचं इन्सुलेशन चार बोटं मागं सरकलेलं, आणि रिफ्लेक्टरवर बल्बाच्या डोक्यावरच्या जागी तपकिरी डाग. चांदी एकदा जळाली की नंतर त्यात सोन्याचा बल्ब बसवला तरी उपयोग नाही. होल्डर, वायर, डूम असं मिळून त्या स्वस्तातल्या बल्बाच्या कितीतरी पट गेले.

१०० वॅट म्हणजे सव्वाआठ अँपिअरच्या वर. तुमचं वायरिंग पाचालाच कण्हतंय. सिरॅमिकचा होल्डर आणि रिले घातले तरी डूमची उष्णता कमी होत नाही, आणि हा बल्ब रस्त्यावर चालवायला कायदेशीरही नाही.

माझ्या गाडीत एचएस१ बल्ब आहे, ३५/३५ चा. एच४ बसेल का?

बसेल, कानस मारून बसवतात. पण बसवू नका. दोन्ही भावंडांसारखे दिसतात, पण बुडाची रचना मुद्दाम वेगळी केलीय, एकाच्या जागी दुसरा जाऊ नये म्हणून. ३५ वॅटचा डूम पातळ प्लास्टिकचा, चार्जिंग त्याच हिशोबाचं. तुमच्यासाठी रस्ता असा: अर्थ साफ, रिले, डूम पिवळा पडला असेल तर नवा, आणि चांगल्या कंपनीचा ३५/३५ चाच बल्ब. तेवढ्यानं भागलं नाही तर वेगळा फॉग लाईट.

गाडी एसीवर आहे का डीसीवर, हे कसं ओळखायचं? त्यानं काय फरक पडतो?

डीसी म्हणजे बॅटरीचा एकाच दिशेनं वाहणारा करंट, एसी म्हणजे सारखी दिशा बदलणारा. फरक इतका पडतो की हे न बघता एलईडी टाकून जाळणारी दहा तरी पोरं मला माहीत आहेत.

जुन्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत, जुनी स्प्लेंडर घ्या नाहीतर सीडी १००, हेडलाईटला बॅटरीचा संबंधच नाही. मॅग्नेटच्या कॉइलमधनं एसी करंट थेट बल्बाला. म्हणून रेस दिली की उजेड वाढतो आणि सिग्नलला थांबलं की दिवाळीच्या पणतीसारखा होतो. ओळखायची सोपी खूण: इंजिन बंद, चावी चालू, हेडलाईटचं बटण दाबा. पेटला तर डीसी. नाही पेटला तर बहुतेक एसी. पण एक भानगड आहे, १ एप्रिल २०१७ पासनं नव्या दुचाकींना हेडलाईट कायम चालू ठेवायची सिस्टीम सक्तीची झाली, त्यात बटणच नसतं आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरच लाईट लागतो, त्यामुळं तिथं ही खूण फसते. तिथं मीटर एसी रेंजला लावून बघा.

एसीच्या वायरीवर रिलेची कॉइल लावली तर रिले टरटर वाजतो आणि लाईट थरथरतो. अशा गाडीत ट्रिगर, म्हणजे रिलेच्या कॉइलला चालू करणारी वायर, डीसीवरनं घ्यायचा, हॉर्न आणि इंडिकेटर डीसीवरच असतात. पण खरा प्रश्न पुढं आहे: हेडलाईट बॅटरीवर घेतला की बॅटरी भरायला तेवढं चार्जिंग कुठनं येणार? या गाड्यांत कॉइलचा एक भाग लाईटला आणि एक भाग चार्जिंगला वाटलेला असतो. पूर्ण डीसी करायचं म्हणजे कॉइल प्लेटचा अर्थ उचलायचा, फुल वेव्हचं आरआर युनिट (एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर) घालायचं आणि बॅटरीही जरा मोठी बघायची. हे घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन करायचं काम नाही. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन धरा, आणि त्यानं आधी अशी गाडी केलीय का ते विचारून घ्या.

एचआयडी टाकू का? फुल पांढरा उजेड पडतो.

उजेड पडतो यात वाद नाही. एचआयडीमध्ये फिलामेंट, म्हणजे तापून पेटणारी तार, नसतं, काचेच्या कुपीत झेनॉन गॅस आणि क्षार, दोन टोकांमधे ठिणगीचा पूल. तो पहिल्यांदा पेटवायला बॅलास्ट (सोबत येणारा व्होल्टेज वाढवायचा डबा) वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका देतो, नंतर ८५ व्होल्टच्या आसपास चालतो. ३५ वॅटमध्ये हॅलोजनच्या जवळपास दुप्पट-तिप्पट उजेड निघतो. पेटताना काही सेकंद करंट जास्त ओढतो, म्हणून बॅटरीवरनं वेगळी वायर आणि रिले लागतोच. आणि बॅलास्टच्या पुढच्या वायरीला चालू असताना हात लावायचा नाही, ते मीटरनं मोजायचं व्होल्टेज नाही.

पण ते तुमच्या डूमसाठी केलेलं नाही. हॅलोजनच्या डूममध्ये रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या बारक्या फिलामेंटच्या जागेवर नेम धरून कापलेला असतो, आणि डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, ती खालचा उजेड अडवते म्हणून समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. एचआयडीची ठिणगी जाडीला वेगळी, जागा वेगळी. उजेड सगळीकडं फाकतो, झाडाचे शेंडे दिसतात आणि रस्त्यातला खड्डा दिसत नाही. शिवाय पूर्ण उजेडाला यायला काही सेकंद लागतात. एचआयडी वापरायचा तर प्रोजेक्टर लावूनच, म्हणजे डूम उघडून, भिंग बसवून, परत सील करून. आता एलईडी प्रोजेक्टर मिळतात तेव्हा एवढा उपद्व्याप कशाला, हे माझं मत.

मग एलईडी बल्ब?

याचं उत्तर हो पण आणि नाही पण. वीस-पंचवीस वॅटच घेतो, बॅटरीला आराम, रिलेचीही फारशी गरज नाही कारण करंटच कमी. एलईडीच्या आत ड्रायव्हर असतो, व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी उजेड तोच.

अडचण परत तीच, फिलामेंटची जागा. घेताना बल्ब हातात घेऊन जुन्या हॅलोजनशेजारी धरा. एलईडीचे चिप जेवढे बारीक आणि फिलामेंटच्या नेमक्या उंचीवर, आणि डिपरच्या चिपखाली तशीच वाटी, तेवढा बीम बरा पडतो. मक्याच्या कणसासारखे चारी बाजूंनी चिप लावलेले असतील तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. बसवल्यावर चिप डाव्या-उजव्या बाजूला आले पाहिजेत, वर-खाली नाही.

मागं फॅन असतो, तो डूमच्या रबरी टोपीत मावत नाही. मग पोरं टोपीच काढून टाकतात, आणि आपल्याकडच्या पावसात जुलै संपेपर्यंत डूममध्ये मासे सोडता येतील. टोपीला मापात भोक पाडा किंवा खोल टोपी मिळते ती घ्या. दुसरं असं की हॅलोजनच्या गरमीनं डूममधला दमटपणा आपोआप सुकायचा, एलईडी पुढच्या बाजूला उष्णता देत नाही, त्यामुळं आधी कधी न दिसलेली वाफ आता काचेवर दिसायला लागते.

बॉक्सवर वीस हजार ल्युमेन लिहिलंय, खरं असतं का?

नाही. एच४ हॅलोजन अप्परला साधारण १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन (उजेड मोजायचं माप) देतो, आणि कारमधला कंपनीचा एचआयडी ३२०० च्या आसपास. त्याच्यापुढं पंचवीस वॅटच्या एलईडीतनं वीस हजार कुठनं येणार, ऊस पिळला तरी रस निघायला काही मर्यादा आहे का नाही.

पांढरा चांगला का पिवळा?

गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात ऑगस्टमध्ये एकदा रात्री जाऊन या, उत्तर मिळेल. धुक्यात पांढरा उजेड अंगावर परत येतो, समोर चादर टांगल्यासारखं होतं, आणि अप्पर लावला की ती चादर आणखी जवळ येते. तिथं डिपर, आणि खाली बसवलेला रुंद बीमचा पिवळा फॉग. पिवळ्यानं धुकं फाडलं जातं असं काही नाही, त्याचा डोळ्याला त्रास कमी होतो आणि खाली बसवल्यामुळं उजेड धुक्याच्या खालनं रस्त्यावर पडतो, खरी करामत उंचीची आहे. ओल्या डांबरावर तर सहा हजार केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तेवढा निळसर) पांढरा उजेड गिळलाच जातो. चार-साडेचार हजारचा मिळाला तर तो घ्या. हॅलोजनमध्ये निळी काच येते ती घेऊ नका, निळा रंग उजेड गाळूनच मिळतो, म्हणजे पैसे देऊन उजेड कमी करून घेतला.

फॉग लाईट लावले तर बॅटरी उतरेल का?

हिशोब करा. २० वॅटचे दोन म्हणजे ४० वॅट, साडेतीन अँपिअरच्या आत. वर ५५ चा डिपर, मागचा दिवा, ब्रेक दाबला की ब्रेकचा. सगळं चालू करा, हायवेला जेवढी रेस असते तेवढी द्या आणि बॅटरीवर मीटर लावा. १३.५ च्या वर असेल तर निवांत. १३ च्या खाली असेल तर तुम्ही बॅटरीतनं खाताय, दोन-तीन रात्रींत किक मारत बसाल. सकाळी गाडी थंड असताना भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी संपली.

फॉगला वेगळा रिले, वेगळा फ्यूज, वेगळं बटण. रिलेचा ट्रिगर पार्किंग लाईटच्या वायरीवरनं घ्या म्हणजे चावी बंद केली की फॉग आपोआप बंद. बॅटरीवरनं थेट बटणाला नेलेला फॉग एकदा तरी रात्रभर चालू राहतोच.

बीम कुठं सेट करायचा?

सपाट जागा, समोर भिंत, गाडी भिंतीपासनं ५ मीटरवर. गाडी साईड स्टँडवर नको, कोणतरी बसलेला पाहिजे, टायरात हवा बरोबर. बल्बाच्या मध्यापर्यंत जमिनीपासनं उंची मोजा, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ५ ते ७ सेंटीमीटर खाली पाहिजे. मागं बायको-पोरं बसत असतील तर तसं बसवून एकदा बघा, मागं वजन आलं की पुढचं तोंड वर होतं.

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि शंभरातला एक करतो.

सगळेच अप्पर मारत येतात, मग मी एकट्यानं डिपर कशाला?

उसाचा सीझन चालू झाला की आमच्या रोडची अवस्था सांगतो. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस मागं हातभर बाहेर आलेला. समोरनं एकच दिवा येतोय, तुम्हाला वाटतं मोटरसायकल आहे, जवळ आल्यावर कळतं एक दिवा गेलेला ट्रॅक्टर आहे आणि तुम्ही त्याच्या बॉनेटच्या लाईनीत आहात. काहीजण ट्रॅक्टरचा मागचा पांढरा दिवा चालूच ठेवतात, शेतात लागतो म्हणून, तो मागनं येणाऱ्याच्या थेट डोळ्यात.

अशा रस्त्यावर समोरच्याला तुम्ही एलईडी मारून आंधळा केला तर पुढचे चार-पाच सेकंद तो काही न बघता चालवतोय, आणि तो तुमच्याच बाजूला येणार आहे. बैलगाडीचं तर विचारू नका. बैल तो उजेड बघून जागेवर थबकतो नाहीतर अंगावर येतो, दोन्ही बघितलंय. गाडीवान पोटासाठी बीडवरनं आलेला असतो, त्याच्याकडं साधा टॉर्च पण नसतो कधी कधी. मी बैलगाडी दिसली की डिपर करतो आणि फॉगही बंद करतो.

पोलीस पकडतात का?

पकडू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत कंपनीनं दिलेल्यापेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एचआयडी किट, जास्त वॅटचे बल्ब, लाल-निळे चमकणारे दिवे पुढं लावणं, हे सगळं त्यात येतं. कंपनीच्याच वॅटचा बल्ब ठेवून रिले घातला तर दिवा बदलत नाही, म्हणून मी तिथंच थांबलोय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पण फोटो काढताना आधी हेच बघतो.

नवीन गाडी आहे, कंपनीचाच एलईडी आहे. त्यात काही करता येईल?

हात लावू नका. आख्खा डूम सीलबंद असतो, बल्ब निघत नाही, आणि वायर कापली की वॉरंटी संपली. उजेड कमी वाटत असेल तर आधी बीम सेट करा, मग विचार करा.

रिले टाकला पण लाईट मधेच फडफडतो.

ट्रिगरची वायर लूज, नाहीतर ८५ चा अर्थ खराब. रिले बोटात धरा आणि हँडल इकडून तिकडं फिरवा. टकटक वाजला तर वायर हेडच्या वळणात ताणली जातेय, तिथं जरा सैल सोडा. रिले नेहमी पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी पायांत साठत नाही.

२०१९ च्या पुरात गाडी बुडालेली होती, अजून लाईट खेळ करतोय.

शाहूपुरीतल्या एका पोराची गाडी अशीच आणली होती, चार दिवस पाण्याखाली. वरनं वायरिंग नवं दिसत होतं. कपलर उघडला तर पितळेचे पाय हिरवेगार, आणि वायर सोलली तर तांबं काळं. पाणी इन्सुलेशनच्या आतनं तांब्याच्या तारांमधनं वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. अशा गाडीत रिले घालून उपयोग नाही, आधी वायर थोडी थोडी कापत मागं जा आणि चकचकीत तांबं लागतंय का बघा. बोटभर कापल्यावर लागलं तर तिथं नवा कपलर लावा. वीतभर मागं जाऊनही काळंच दिसत असेल तर पुढं कापू नका, आख्खं वायरिंग किट बदला. त्या पोराच्या गाडीत आम्ही तीन जागी कापलं, तिन्हीकडं काळं, मग संध्याकाळी किट आणायलाच गेलो.